साथ केल्यानं हात बिघडत नाही

व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला साथीला बसवू नका, हा सल्ला आमच्या भागात फार बोकाळला आहे. मोशी-चिखलीच्या वर्गांमध्ये पालक तो एकमेकांना देतात, स्पर्धांचे परीक्षक बक्षीस देता देता तो ऐकवतात, प्रेरणा देणारे व्याख्याते त्यावर तासभर बोलतात. त्यामागचं म्हणणं असं : साथ करणाऱ्याला दुसऱ्याच्या मागून चालायची सवय लागते, त्याचा हात परक्या गळ्याला बांधला जातो आणि स्वतःचं काही सुचेनासं होतं. जगातले मोठे व्हायोलिनवादक लहानपणापासून एकटेच रंगमंचावर उभे राहिले. तेव्हा मुलाला खोलीत बसवा, दहा हजार तास घोटवून घ्या, भजनात आणि समूहगीतात त्याचा वेळ घालवू नका. याच विचाराचं दुसरं टोक आळंदीवर येऊन आदळतं. इथं मृदंग शिकणारी मुलं जन्मभर कीर्तनकाराच्या मागे उभी राहणार, मग हे कसलं कलेचं शिक्षण, ही तर साथीदारांची भरती, असं चांगले शिकलेले लोक बोलून दाखवतात.

मी आळंदीत व्हायोलिन शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईवडील बहुतेक चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. त्यांनी पोटाला चिमटा काढून वाद्य घेतलेलं असतं, आणि हा सल्ला त्यांच्याच माथी मारला जातो. तो खोटा आहे, आणि मुलांचं त्यानं नुकसान होतं. व्हायोलिनच्या बाबतीत तर तो इतका खोटा आहे की हे वाद्य आपल्याकडे आलं कसं, एवढं सांगितलं तरी तो कोसळावा.

बालुस्वामी दीक्षितर हे रचनाकार मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासजवळच्या मणलीत त्यांनी युरोपियन वादकाकडून हे वाद्य उचललं आणि कर्नाटक संगीतात आणलं. आणलं ते गाण्याच्या साथीसाठी. आज दक्षिणेत गायकाच्या शेजारी व्हायोलिन नसेल तर मैफल अपुरी मानतात. ज्यांचं स्वतंत्र वादन ऐकायला जग लोटलं ते लालगुडी जयरामन कोवळ्या वयापासून साथीला बसत होते. टी. चौडय्यांनी चार तारांच्या व्हायोलिनला सात तारा लावल्या, त्याचं कारण साथीतच होतं : ध्वनिवर्धक नसलेल्या सभागृहात खणखणीत गळ्याच्या गायकाबरोबर वाद्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेना. म्हणजे वाद्याची रचनासुद्धा साथीच्या गरजेनं बदलली. साथीनं स्वतंत्र विचार मरतो म्हणणाऱ्यांनी या सात तारांचं काय करायचं ते सांगावं.

आता आपल्याकडचे लोक पाहू. हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत गजाननराव जोशींचं नाव पहिल्या ओळीत आहे. १९११चा जन्म. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, ग्वाल्हेर गायकीचे आणि औंध दरबारचे गायक. गजाननराव मुळात गायक. ग्वाल्हेरची तालीम घरातली, पुढे आग्र्याची विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आणि जयपूर-अत्रौलीची भुर्जी खाँसाहेबांकडून. व्हायोलिन त्यांच्या हाती आलं तेव्हा त्या हाताच्या मागे तीन घराण्यांचा गळा होता. त्यांनी स्वतंत्र वाजवलं, रेडिओत नोकरी केली आणि थोरामोठ्यांची साथही केली. त्या काळचा मोठा गायक समोर बसून त्याचं सगळं गाणं दाखवतो आहे, आणि ते त्याच क्षणी आपल्या बोटांतून काढायचं आहे, यापेक्षा चांगली तालीम कुठल्या बंद खोलीत मिळते?

दा. के. दातारांचं उदाहरण तर सरळ आहे. १९३२ साली जन्मलेले दातार विघ्नेश्वरशास्त्रींकडे व्हायोलिन शिकले आणि द. वि. पलुसकरांच्या साथीला बसले. पलुसकर १९५५ साली ऐन उमेदीत गेले. पुढच्या पन्नास वर्षांत दातारांनी जे स्वतंत्र वादन केलं, त्यात शब्द नसतानाही बंदिशीचा मुखडा ओळखू येई. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना गळा जसा मधली वाट दाखवत जातो तसा त्यांचा गज ती दाखवत जाई. हे त्यांना पलुसकरांच्या उजव्या-डाव्या हाताला बसून मिळालं, असं माझं ठाम मत आहे. वि. गो. जोग लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवत, आकाशवाणीत काम करत, गायकांची साथ करत आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंदीही करत. शहनाईसमोर व्हायोलिन उभं राहू शकतं, हे श्रोत्यांना त्यांनीच पटवलं. त्यांचा हात साथीनं बिघडला असं कुणी म्हणेल का? एन. राजम तर किशोरवयातच एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या साथीला बसल्या, पुढे ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या, आणि ज्याला आज सगळे गायकी अंग म्हणतात ते वादन त्यांनी उभं केलं.

पण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते प्रभाकर जोगांबद्दल, कारण त्यांचं आयुष्य या वादाचा निकालच लावतं. २०२१मध्ये ते गेले. वयाच्या बाराव्या वर्षापासून पुण्यातल्या वाड्यांमधून ते कार्यक्रम करत होते. बिदागी सव्वा रुपया आणि नारळ. आजच्या सल्लागारांच्या भाषेत हा बालकलाकाराचा वेळ वाया घालवणं झालं. पुढे ते सुधीर फडक्यांचे सहायक झाले. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षाहून थोडा अधिक काळ, दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द हातात पडायचे, फडके चाल लावायचे, आणि वादकांनी ती चाल थोडक्या वेळात आपलीशी करून गाण्याला जपत वाजवायची. त्यानंतर जोग गीतरामायणाच्या जाहीर कार्यक्रमांतून वाजवत राहिले, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत शेकडो गाण्यांमागे बसले, स्वतः संगीतकार झाले. आणि एवढं सगळं झाल्यावर त्यांनी 'गाणारं व्हायोलिन' लोकांसमोर आणलं. गायक नाही, शब्द नाहीत, फक्त व्हायोलिन. आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर आपोआप शब्द येत.

हे कसं घडलं याचा विचार करा. गाणं व्हायोलिनवर वाजवणारे पुष्कळ असतात, त्यातून बहुतेक वेळा फक्त सूर ऐकू येतात. जोगांच्या वाजवण्यातून शब्द ऐकू येत, कारण शब्द कुठे तुटतो, जोडाक्षरावर गळा किती थांबतो, गायिका श्वास कुठे घेते आणि तो श्वास लपवण्यासाठी आधीचा स्वर किती लांबवते, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं एका हाताच्या अंतरावरून ऐकलं होतं. गज उलटवायची जागा त्यांनी श्वासाच्या जागेशी जुळवली होती. हे ज्ञान कुठल्याही अभ्यासपुस्तकात नाही. ते फक्त गाणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याला मिळतं.

साथीत हाताला आणि कानाला नेमकं काय मिळतं, ते जरा खोलात सांगते, कारण या वादात ते कुणी बोलतच नाही. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं तर स्वर बेसूर. एकट्यानं वाजवणारं मूल आपल्या सोयीच्या पट्टीत तारा लावून बसतं आणि त्याच पट्टीत त्याची बोटं आपापल्या जागा धरतात. गायक समोर आला की तो काळी एक सांगेल, गायिका काळी चार सांगेल, आणि वारकरी गळा असेल तर त्याहून चढी पट्टी निघेल. तारांचा ताण बदलतो, बोटांतलं अंतर तेच राहूनही दाब बदलतो, गजाचं वजन बदलतं. ज्यानं हे सोसलं त्याचे स्वर कानानं लागतात. ज्यानं सोसलं नाही त्याचे बोटांच्या सवयीनं लागतात आणि मैफलीत हवा दमट झाली, तार उतरली, की तो घाबरतो.

दुसरी गोष्ट स्मरणाची. गायक एक लांब तान घेतो. साथीदाराला ती एकदाच ऐकायला मिळते. तिचा सांगाडा ध्यानात धरून, गायक दम घेतो तेवढ्या फटीत ती परत उमटवायची, आणि तो पुन्हा तोंड उघडेल त्याच्या आत बाजूला व्हायचं. समेची जागा हुकता कामा नये. गायकापेक्षा वरचढ वाजवलं तर मैफल मोडते, आणि मागे पडलं तर रसभंग होतो. एका संध्याकाळी असं किती वेळा करावं लागतं याला गणती नाही. स्वतंत्र वादनात उपज म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ती या अभ्यासातूनच येते : ऐकलेल्या वाक्याला तिथल्या तिथे उत्तर देता येणं. ज्यानं कधी कुणाला उत्तर दिलं नाही तो पाठ केलेलं बोलतो. आमच्या स्पर्धांमधून असं पाठ केलेलं फार ऐकू येतं : द्रुत लय झकास, तिहाई चोख, आणि परीक्षकांनी राग किंवा लय बदलून मागितली की मूल गोंधळून त्यांच्याकडे बघत राहतं.

आळंदीतल्या मुलांकडे आता या नजरेनं पाहा. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी इथं वारकरी शिक्षण संस्था काढली. कुस्तीच्या तालमीची आवड असलेला हा पुण्याचा माणूस. त्यानं ठरवलं की कीर्तनाची विद्या जातपात न पाहता, फी न घेता शिकवायची, आणि मुलांनी मधुकरी मागून जेवायचं. चार वर्षांचा अभ्यास. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता यांच्याबरोबर गायन आणि मृदंग. आज त्या संस्थेशिवाय गावात कितीतरी लहानमोठ्या शिक्षणसंस्था आणि वसतिगृहं आहेत; मराठवाड्यातून, विदर्भातून, नगर-नाशिककडून मुलं येतात. सगळीच सारखी चांगली नाहीत. मारून शिकवणाऱ्यांचं आणि लहान मुलांना गैरसोयीत डांबून ठेवणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही, आणि त्यांच्यावर सरकारची कडक नजर असावी असंच माझं म्हणणं आहे. मुलींना मृदंगापर्यंत पोहोचायला अजून फार कमी वाटा आहेत, याचीही मला चीड येते. पण जिथं विद्या नीट दिली जाते तिथली रीत बघण्यासारखी आहे.

मुलाच्या हातात आधी पखवाज येत नाही. आधी टाळ येतो. तो टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, पावली खेळतो, लय त्याच्या पायात शिरते. मग बोल तोंडानं म्हणायचे, हातानं टाळी देत. मग कणीक मळून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची, ती किती लावली की नाद कसा खाली येतो हे कानानं ठरवायचं. हात बसू लागला की भजनाचा ठेका, आणि थोडा बसला न बसला तोच एखाद्या काकड्याला, हरिपाठाला उभं राहायचं. चुकलं तर शेजारचा मोठा मुलगा डोळ्यांनी सांभाळतो. पुढे कीर्तन. तिथं कीर्तनकार निरूपण करता करता एकदम प्रमाणाच्या ओळीवर येतो, गायनाचार्य चाल उचलतात, ती कधी संथ कधी चढती, कधी अगदी अनोळखी. मृदंगावरच्या मुलानं त्या पहिल्या अर्ध्या ओळीत ताल ओळखायचा, लय पकडायची, टाळकऱ्यांना बरोबर घ्यायचं, आणि कीर्तनकारानं हात वर केला की त्याच मात्रेवर थांबायचं. सोळा-सतरा वर्षांची मुलं हे रोज करतात, शेकडो माणसांसमोर करतात. व्हायोलिनच्या कुठल्या वर्गात सतराव्या वर्षी मुलाला इतकी जबाबदारी दिली जाते?

आणि यातून मोठे कलावंत घडत नाहीत हे म्हणणंही इतिहासाला धरून नाही. पखवाजाचं नाना पानसे घराणं ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते नानासाहेब पानसे वाई भागातले, कीर्तनाच्या साथीतून वर आलेले. पुढे ते इंदूर दरबारी गेले आणि त्यांच्या शिष्यपरंपरेनं एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं पखवाजवादन घडवलं. कीर्तनाचा मृदंग आणि दरबाराचा पखवाज हे एकाच हातात नांदत होते.

आता समोरच्यांची भक्कम उदाहरणं घेते, कारण ती टाळून वाद जिंकल्याचा आव आणायचा नाही. ते यशा हायफेट्झचं नाव घेतात. विल्नामध्ये वडिलांनी तीन वर्षांच्या मुलाच्या हाती व्हायोलिन दिलं, नऊ वर्षांचा असताना तो पीटर्सबर्गला लिओपोल्ड आउअरकडे गेला, आणि १६व्या वर्षी, १९१७च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून जगाला थक्क केलं. जोग महाराजांची संस्था निघाली तेच साल. हायफेट्झ थोर होता, त्यात शंका नाही. पण एका हायफेट्झवरून सगळ्यांची दिनचर्या ठरवायची? पागानिनीचा बाप मुलाला कोंडून रियाज करवून घ्यायचा, ही कथा सगळे सांगतात. तोच पागानिनी तरुणपणी लुक्काच्या दरबारी वाद्यवृंदात नोकरी करत होता, हे कुणी सांगत नाही. योआखिम वायमारमध्ये लिस्टच्या हाताखाली वाद्यवृंदाचा पहिला व्हायोलिनवादक होता. इझाई बर्लिनमध्ये बिल्झेच्या वाद्यवृंदात पुढच्या खुर्चीवर बसायचा. फ्रिट्झ क्राइझलरला दहाव्या वर्षी व्हिएन्नात आणि बाराव्या वर्षी पॅरिसमध्ये पहिलं पारितोषिक मिळालं. त्यानंतर त्यानं व्हायोलिन बाजूला ठेवून वैद्यकाचा अभ्यास केला, सैन्यात गेला, आणि मग परत येऊन जग जिंकलं. रोज फार तास घोटण्याचा त्याला मुळीच सोस नव्हता.

या सगळ्यांत आपल्या पुण्याशी नातं असलेला येहुदी मेन्युहिन मला फार महत्त्वाचा वाटतो. बालवयातच तो जगभर एकटा वाजवत फिरला. बाराव्या वर्षी, १९२९ साली, बर्लिनमध्ये एकाच संध्याकाळी त्यानं बाख, बीथोवन आणि ब्राम्सची मोठी कन्चर्टो वाजवली. मुलांना आज जे स्वप्न विकलं जातं ते हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र त्याचा उजवा हात त्याचं ऐकेना. लहानपणी जे आपोआप येत होतं ते कसं येतं हे त्यानं कधी समजून घेतलंच नव्हतं, आणि मोठेपणी त्याला गज धरण्यापासून सगळं नव्यानं तपासावं लागलं. १९५२ साली नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला तेव्हा मुंबईत त्याची भेट पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी झाली. त्यांच्याकडे तो योग शिकला, त्यांना युरोपात नेलं, आणि घड्याळ भेट देताना त्यावर त्यांना आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हणून गौरवलं. व्हायोलिन न वाजवणाऱ्या माणसाला हा मान! पुढे १९६३मध्ये मेन्युहिननं इंग्लंडमध्ये मुलांसाठी शाळा काढली. तिथं मुलं एकत्र राहतात, आणि चार-पाच जणांनी मिळून वाजवणं हा अभ्यासाचा कणा ठेवलेला आहे. एकटेपणातून सर्वांत मोठं झालेल्या मुलानं, स्वतःच्या हाती अधिकार आल्यावर, पुढच्या मुलांसाठी एकटेपणा निवडला नाही. ही साक्ष मला कुठल्याही व्याख्यात्यापेक्षा मोठी वाटते.

मग हे सल्लागार दहा हजार तासांचा मुद्दा काढतात. हा आकडा आला कुठून? १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. दहा-दहा जणांचे गट. सर्वोत्तम गटानं विसाव्या वर्षापर्यंत एकट्यानं केलेल्या रियाजाची सरासरी सुमारे दहा हजार तास भरली. ही सरासरी आहे. त्या गटातल्या कित्येकांनी तोवर तेवढे तास केलेले नव्हते, हे पुढे एरिक्सन यांनीच बजावून सांगितलं, कारण २००८ साली माल्कम ग्लॅडवेलच्या पुस्तकानं त्याचा नियम करून टाकला होता. त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की सर्वोत्तम वादक दिवसाला साधारण चार तासांपुढे जात नव्हते, मध्ये विश्रांती घेत होते आणि इतरांपेक्षा जास्त झोपत होते. ते मात्र व्याख्यानांत येत नाही. २०१९मध्ये ब्रूक मॅकनामारा आणि मेघा मैत्रा यांनी तोच अभ्यास नव्यानं केला, तेव्हा चांगले आणि सर्वोत्तम यांच्या तासांत तसा फरकच आढळला नाही.

एकट्याचा रियाज लागतोच, त्याबद्दल माझा वाद नाही. गज सरळ कसा ओढायचा, बोट जागच्या जागी कसं पडायचं, हे खोलीतच होतं आणि त्याला तासच द्यावे लागतात. पण बर्लिनच्या त्या अभ्यासातली मुलं लिहिलेलं संगीत वाजवणारी होती. स्वरलिपी समोर, एकेक स्वर ठरलेला. आपल्याकडे मैफलीत काय वाजवायचं हे मैफलीतच ठरतं. अशा संगीतात एकट्यानं घालवलेले तासच तेवढे मोजायचे आणि गाणाऱ्यासमोर घालवलेले हिशोबातून वगळायचे, हे माप मला मान्य नाही.

समोरच्यांचं खरं बळ आहे ते सारंगीवाले पंडित रामनारायण यांच्या उदाहरणात, आणि त्याचं उत्तर सोपं नाही. रेडिओवर त्यांनी मोठमोठ्या गायकांची साथ केली, मग मुंबईत चित्रपटांसाठी वाजवलं, आणि १९५०च्या दशकात साथ सोडून सारंगी एकटीनं मैफलीत आणली. १९५४मध्ये मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात श्रोत्यांनी त्यांना धड वाजवूही दिलं नाही. तरी ते मागे हटले नाहीत आणि सारंगीला जगभर घेऊन गेले. त्यांनी साथ का सोडली? गायक साथीदाराला देत असलेल्या वागणुकीनं. चांगलं वाजवलं तर राग, जरा खुललं तर डोळे वटारणं, नावाला आणि बिदागीला कायम दुय्यम जागा. त्यांचा संताप शंभर टक्के योग्य होता. पण त्यांनी सारंगीतून जे गायलं ते कुठून आलं होतं? त्याच गायकांच्या शेजारून. साथीनं त्यांना विद्या दिली आणि साथीच्या व्यवहारानं त्यांचा अपमान केला. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या नाहीत म्हणून आजचा सगळा गोंधळ आहे.

अपमान कुठे होतो ते मोकळेपणानं बोलू. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या व्हायोलिनवादकांनी आयुष्यं घातली. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही माणसं. त्यांच्याशिवाय तो काळ ऐकूच येणार नाही. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, त्यांचं कुठेही नाही. अँथनी गोन्साल्विस हे थोर शिक्षक लोकांच्या तोंडी आले ते १९७७च्या चित्रपटातल्या पात्राच्या नावामुळे आणि त्या नावावरच्या गाण्यामुळे, कारण त्यांच्या शिष्यानं, संगीतकार प्यारेलालनं, त्या गाण्यातून गुरूचं ऋण फेडलं. या बाबतीत आमची हरिनाम सप्ताहाची पत्रिका पुष्कळ पुढे आहे. तिच्यात कीर्तनकारांबरोबर गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार अशी सगळ्यांची नावं छापलेली असतात, गावच्या आचाऱ्याचंही असतं. मात्र पाकिटं वाटायची वेळ आली की तिथंही कीर्तनकार आणि मृदंगावरचा मुलगा यांच्यातलं अंतर लाज वाटावी इतकं असतं, आणि फ्लेक्सवर तर त्या मुलाचा चेहरा सापडत नाही. लढायचं तर इथं लढावं. आयोजकांनी साथीदाराची बिदागी आधी ठरवावी, लेखी द्यावी, निवेदकानं नाव नीट उच्चारावं, ध्वनिमुद्रणावर ते लिहावं. मुलाला साथीपासून तोडून यातलं काहीच सुधारत नाही. अपमान करणारे तसेच राहतात आणि विद्या तेवढी जाते.

पालकांच्या मनातला एक प्रश्न उरतो, आणि तो स्वाभाविक आहे : साथ केली तर आमचं मूल दातार किंवा राजम होईल का? बहुतेक मुलं होणार नाहीत. साथ करूनही नाही आणि न करूनही नाही. फरक पुढच्या आयुष्यात पडतो. फक्त स्पर्धेसाठी तीन राग तयार केलेलं मूल बारावीला पोहोचलं, स्पर्धा संपल्या, की त्याचं व्हायोलिन कपाटावर जातं. त्याला कुणाबरोबर वाजवताच येत नाही, म्हणून कुणी बोलावत नाही. ज्याला गाणाऱ्याच्या मागून जाता येतं त्याला चऱ्होलीचं भजनी मंडळ बोलावतं, कॉलेजची एकांकिका बोलावते, भावगीतांचा कार्यक्रम बोलावतो. तो कारखान्यात नोकरी करतो आणि चाळिसाव्या वर्षीही वाजवत असतो. आणि ज्या एखाद्याच्या अंगात स्वतंत्र वादक व्हायचं बळ असेल, त्याला याच वाटेनं ते लवकर कळतं.

म्हणून भोसरीपासून चाकणपर्यंतच्या वर्गांना माझं सांगणं आहे. मोशी, डुडुळगाव, केळगाव, चऱ्होली, प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे, आठवड्याचं भजन ठरलेलं आहे. हार्मोनियमच्या बाजूला एका व्हायोलिनला जागा मागा. ते आनंदानं देतात. मूल सुरुवातीला फक्त ध्रुवपदावर वाजवेल, चाल सापडली नाही तर षड्ज धरून बसेल, आणि सहा महिन्यांत त्याचे कान बदललेले तुम्हाला दिसतील. एकादशीला आळंदीला आणा, मृदंगाच्या जवळ बसवा. माझ्या वर्गात तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक मुलानं आणि मुलीनं गाणाऱ्यासोबत वाजवायचंच असा नियम आहे, आणि ज्या पालकांना तो मान्य नाही त्यांना मी प्रवेशाच्या दिवशीच दुसरा शिक्षक बघायला सांगते.